काळी दोनमधली बाई

नथ माइकला लागते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तंबोरा लागलेला, तबला लागलेला, समोर साठेक माणसं. मी 'सा' लावायला तोंड पुढे नेलं आणि षड्जाच्या आधी स्पीकरमधून 'टक्' आलं. मागे सरकलो, पुन्हा पुढे झालो, पुन्हा 'टक्'. बावीस वर्षं गाणं शिकतोय. ख्याल, ठुमरी, नाट्यपदं, सगळं शिकवलं लोकांनी. नथ घालून गायचं कसं, ते सांगू शकणारी माणसं मात्र केव्हाच गेली. म्हणून जे जे फसलं ते लिहून ठेवतोय.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात वाढलो. सूरसागराच्या काठावर म्युझिक कॉलेज आहे, मौलाबक्षांनी १८८६ साली काढलेल्या गायनशाळेचं ते पुढचं रूप, तिथून गाण्याची पदवी घेतली. आता संध्याकाळी पाच ते साडेसात मुलांच्या शिकवण्या घेतो. वय पस्तीस, कपाळ दरवर्षी थोडं मागे सरकतंय. आणि मी ड्रॅग करतो. म्हणजे बाईचा अवतार घेतो, तोही मुद्दाम जरा जास्तीचा सजवलेला, आणि लोकांसमोर येतो. मला बाई व्हायचं नाहीये. तीन तासांपुरती ती करायची आहे. ज्यांना खरोखर व्हायचं असतं त्यांची वाट निराळी आणि फार अवघड. तिच्यावर हक्क सांगायचा माझा विचार नाही.

सुरुवातीची पाच वर्षं मी सगळे करतात तेच करत होतो. सिनेमातलं गाणं लावायचं आणि त्यावर ओठ हलवायचे. मित्रांच्या फ्लॅटवर, एकदोनदा कुणाच्या स्टुडिओत. मुंबई-दिल्लीला हे शो बारमध्ये होतात. आमच्याकडे दारूबंदी, त्यामुळे बडोद्यात बाईच्या अदा चहा आणि खाऱ्या शेंगदाण्यांवर बघतात. त्याचा एक फायदा असतो. प्रेक्षक पूर्ण शुद्धीत असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला सगळं आठवतं. तोटाही तोच.

अशाच एका शोनंतर फाइन आर्ट्सच्या एका पोरानं विचारलं, "तुम्ही स्वतः गाता ना? मग दुसऱ्याच्या आवाजावर ओठ कशाला हलवता?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण गवयाला याहून मोठी शिवी नाही. त्या रात्री मेकअप न पुसताच बसून राहिलो आणि ठरवलं की आता बाई स्वतः गाणार.

पहिली चूक तिथेच झाली, पट्टीची. माझी पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर माझा 'सा'. सोळाव्या वर्षी आवाज फुटून स्थिर झाला तेव्हापासून तीच आहे. पण मला वाटलं, बाई गाणार म्हटल्यावर बाईच्या पट्टीत गायला हवी. तंबोऱ्याच्या मशीनवर काळी चार लावली आणि रियाज सुरू केला. पुरुषाला काळी चारमध्ये तार म्हणजे वरच्या सप्तकात जायचं तर खोटा आवाज लावण्यावाचून गत्यंतर नसतं. कुणी त्याला चोरटा आवाज म्हणतं, आणि ते नाव योग्य आहे, कारण चोरासारखंच वाटतं. मध्य सप्तकात बरा लागायचा. पंचमाच्या वर गेलं की पातळ, निवळलेल्या ताकासारखा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, यायची नाही. खरा आवाज जिथं संपतो आणि खोटा सुरू होतो तिथं दर वेळी ठेच.

बाबा शेजारच्या खोलीत. माझं ड्रॅग त्यांना माहीत आहे, आवडत नाही. "नाटकात काम करतोयस का?" असं त्यांनी एकदाच विचारलं होतं. नाटक असतं तर चाललं असतं. स्त्री पार्टी पुरुष ठेवायला मराठी घरात एक खण आहे, नाटकाचा. त्यात बसत नसेल तर मग ते काय आहे, हे त्यांना कळेना, आणि विषय मिटला. म्हणजे बोलणं मिटलं. पण माणूस साठ वर्षं गाणं ऐकत आलेला, कान गप्प बसेना. एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "वरचा गंधार उतरतोय." मी दुरुस्त केला. चार मिनिटांनी पुन्हा, "अजून." गेले कित्येक महिने आमच्या घरात या विषयावर झालेलं संभाषण ते एवढंच.

तीन महिन्यांत गळा बसला. बसला म्हणजे शिकवणीत 'नी सा' म्हणतानाही हवा यायला लागली. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, स्वरतंतूंना सूज आहे म्हणाले आणि पंधरा दिवस बोलायचं नाही असं बजावलं. कुजबुजायचंही नाही, त्यानं आणखी ताण येतो. पोरांना मी पंधरा दिवस पाटीवर लिहून शिकवलं. त्यांना ते भलतंच आवडलं.

सोळाव्या दिवशी गुरुजींकडे गेलो. आमचं शिक्षण आग्रा घराण्याचं. फैयाजखाँ बडोद्याचे दरबारगायक होते, इथेच १९५० साली गेले, त्यामुळे या गावात आग्र्याची गायकी पाण्यासारखी मुरलेली. तिचा पाया म्हणजे मोकळा, छातीतून येणारा, भरदार आवाज. अशा घरात मी काय करत होतो ते सांगायचं म्हणजे देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं. पण सांगितलं, सगळंच. साडीसकट.

गुरुजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "त्या साड्याबिड्यांचं मला काही सांगू नकोस, मला त्यातलं कळत नाही. पण खोटाच आवाज लावायचा असेल तर कुणाकडे शिकलास ते लोकांना सांगू नकोस." उठताना मागून एक वाक्य आलं, "बाई तोंडाची कर ना. गळ्याची कशाला करतोस?"

हे आशीर्वाद वगैरे नव्हते. ते आजवर एकदाही शोला आले नाहीत, येणारही नाहीत. पण पट्टीचा प्रश्न सुटला.

घरी आलो आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं लावली. लहानपणापासून ऐकलेली, पण या वेळी हार्मोनियम पुढ्यात घेऊन ऐकली. तो आवाज पुरुषाचाच आहे. गोड आहे, लवचीक आहे, पण बायकी कुठेच काढलेला नाही. बाई आहे ती शब्द सोडण्यात, ओळीच्या शेवटी किंचित थांबण्यात, लाडानं ओढलेल्या एखाद्या स्वरात. इतकी वर्षं मला ते ऐकूच आलं नव्हतं. बरं, हा धागा तरी कुठून येतो? बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले, आणि बुवांची तालीम झाली ती बडोद्यात, फैजमहंमदखाँकडे. त्याच्याही आधीचे भाऊराव कोल्हटकर तर जन्मानंच बडोद्याचे, १८६३ सालचे. किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले ते इथूनच, आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हा पहिली सुभद्रा झाले. १९०१ साली गेले, भारतात ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या जरासे आधी. त्यामुळे तो आवाज कसा होता ते आता कुणालाच ऐकायला मिळणार नाही. रावपुऱ्यातून स्कूटर चालवताना कधीकधी मनात येतं, की याच गल्ल्यांमधून तो मुलगा गेला असेल.

इथे एक गोष्ट मनात फार खुपते, ती सांगूनच टाकतो. शाळेत मला 'नाच्या' म्हणायचे. म्हणणाऱ्यांच्या घरी बालगंधर्वांची तसबीर होती. तमाशातला नाच्या बाईचे हावभाव करायचा आणि संगीत नाटकातला नट बाईच व्हायचा. एकाचं नाव शिवी झालं, दुसऱ्याच्या नावानं नाट्यगृहं उभी राहिली. फरक लुगड्यात नव्हता, समोर खुर्चीवर कोण बसलंय त्यात होता. आणि गाण्यातलं म्हणाल तर ख्यालाच्या अर्ध्या बंदिशी बाईच्याच तोंडच्या. माझ्या गुरुजींना झुपकेदार मिश्या आहेत. सासू जागी आहे, नणंद टपून बसली आहे, पैंजण वाजतील, मी तुला भेटायला कशी येऊ, हे ते चाळीस वर्षं मिश्यांसकट गातायत. श्रोते मान डोलावतात. मी फक्त त्या बंदिशीतल्या बाईला साजेसे कपडे घातले.

कपड्यांचंही रामायणच झालं. जुना अवतार उभ्यानं नाचायचा होता. कंबर आवळणारा पट्टा, नितंबांना सोफ्याचा स्पंज कापून केलेल्या गाद्या, चार इंची टाचा. त्यात गायला बसलो तर श्वास पोटात उतरेना. आमच्याकडे श्वास बेंबीपासून घ्यायला शिकवतात आणि मी बेंबीच बांधून टाकलेली. तान तालाची दोन आवर्तनं जायची ती अर्ध्यातच गळायला लागली. आणि त्या गाद्यांवर मांडी घालून बसून बघा एकदा, म्हणजे कळेल.

उत्तर सापडलं आत्याकडे. आत्या सलाटवाड्यात राहते आणि आपल्या मराठी लग्नांमध्ये नवरीमुलींना नऊवारी नेसवून देते. मी भीतभीतच विषय काढला. तिनं चष्मा वर करून फक्त धंद्याचा प्रश्न विचारला, "उभं राहायचंय का बसायचंय?" बसायचंय म्हटल्यावर म्हणाली, "मग कासोटा निराळा. आणि ओचा खाली घेऊ, पोट मोकळं राहील." नऊवारीत मांडी घालता येते, गुडघा उघडा पडत नाही, पोटावर दाब येत नाही. गाणाऱ्यानं दुसरं काही नेसूच नये. चार वेळा नेसवून घेतली, दोन वेळा स्वतः नेसलो, तिनं फेडून पुन्हा नेसायला लावली. निघताना म्हणाली, "नवरीकडून पाचशे घेते. तू घरचा, तीनशे दे." मी दिले. त्या तीनशे रुपयांचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच कौतुकाचा झाला नसेल.

मग कान. ऑनलाइन मागवलेला मोकळ्या केसांचा टोप फार देखणा होता, पण तो कानांवरून खाली यायचा. त्याखाली केस दाबणारी जाळी, तीही कानांवरून. तंबोरा असा ऐकू यायचा की जणू शेजारच्या गल्लीत कुणी लावलाय. स्वरात आहोत की नाही तेच कळेना. शेवटी नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडून मागे अंबाडा असलेला जुना टोप घेतला, कान उघडे ठेवणारा. झुमके काढले, कारण मान हलली की ते ताल धरतात, आणि तो तबल्याचा नसतो. हलक्या मोत्याच्या कुड्या घातल्या. खोटी नखं गेली, कारण हार्मोनियमच्या पट्ट्यांवर ती टकटक वाजतात. बांगड्या डाव्या हातातच, तंबोऱ्याचा उजवा मोकळा. थोडक्यात, गाण्यानं माझी बाई हळूहळू जुन्या वळणाची करून टाकली. मी काही परंपरा वगैरे शोधत नव्हतो.

चेहऱ्याला अडीच तास लागतात. भुवया गोंदाच्या कांडीनं चिकटवून सपाट करायच्या, शाळेत वापरतो तीच कांडी, वाळू द्यायच्या, पुन्हा एक थर. दाढीची निळसर झाक लपवायला आधी केशरी लिपस्टिक चोळायची, मग वर फाउंडेशन. नुसतं फाउंडेशन लावलं तर माणूस आजारी दिसतो. जुने नट सफेदा, पिवडी आणि हिंगूळ कालवून रंग करायचे, त्यामानानं आमचं सुखाचं. पण खरा प्रश्न रंगाचा नव्हता, तानेचा होता. तान घेताना माझा जबडा डावीकडे जातो. मुद्रादोष. गुरुजी वीस वर्षं सांगतायत, आरसा घेऊन रियाज कर. वीस वर्षं टाळलं. ओठांची कड जरा बाहेरून रंगवून पहिल्यांदा तान घेतली आणि आरशात बघितलं तर साक्षात पूतना. दुसऱ्या दिवसापासून आरसा घेतला. चार महिन्यांत जबडा सरळ झाला. हे गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

पोस्टरवर नाव काय घालायचं, हा घोळ पंधरा दिवस चालला. ड्रॅगमध्ये भारी भारी नावं असतात. मला एकही जमेना. मित्र आपसात तिला 'बाई'च म्हणायचे. बाई आल्या का, बाईंचा चहा राहिला. गाणारी ती बाई, शाळेत शिकवणारी ती बाई, भांडी घासायला येते तीही बाई. तेच ठेवलं.

जागेचं मात्र दोनदा फिसकटलं. एका छोट्या सभागृहानं 'शास्त्रीय गायन' ऐकून तारीख दिली आणि पोस्टर बघून परत घेतली. पेटीवाल्या मित्रानं आठवडा आधी पाय मागे घेतला. घरी कळलं तर, म्हणाला. त्याला बायको-मुलं, सासुरवाडी गावातच. मी रागावलो होतो, आता नाही. पेटी मीच घेतली. तबल्याचा मित्र टिकला, अर्थात त्याची अट होती की फोटोत त्याचा चेहरा येणार नाही.

शेवटी अलकापुरीतल्या एका स्टुडिओत कार्यक्रम झाला. मे महिना, रात्री नऊलाही भिंती तापलेल्या. एसी लावला की तंबोऱ्याचा सूर हलायचा, बंद केला की चेहरा. मी तंबोऱ्याच्या बाजूनं कौल दिला.

तर नथ. दोनदा 'टक्' झाल्यावर लोक हसले. मी माइक उजवीकडून आडवा घेतला, नथ डावीकडे असते, आणि सा लावला. काळी दोनचा, छातीतून. तेव्हा मात्र खरा हशा उसळला. बरोबरच आहे. खोपा, चंद्रकोर, नथ, आणि त्यातून निघाला माझा आवाज. पुढच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी सा सोडला नाही. श्वास संपला, पुन्हा घेतला, पुन्हा तोच सा. हे धैर्य नव्हतं, पुढे काय करायचं तेच सुचत नव्हतं. तिसऱ्या वेळी खोली शांत झाली. मग रिषभ घेतला.

जयजयवंती गायलो. रात्रीचा राग, फैयाजखाँच्या ध्वनिमुद्रणामुळे आमच्या घराण्याचा लाडका, आणि दोन्ही गंधार, दोन्ही निषाद एकाच रागात बिनबोभाट नांदतात. तबल्याचा मित्र आधीच म्हणाला होता, "मुद्दाम निवडलास ना?" नाही, आवडतो म्हणून. बरं, मुद्दामसुद्धा.

विलंबित वीस मिनिटांत आवरलं. द्रुतमध्ये डाव्या डोळ्याची पापणी अर्धी सुटली आणि दर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, डोळ्यासमोर काळा पंखा हलायला लागला. एक तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणायचा तुकडा, समेवर न येता मात्रेभर पुढे गेली. तबल्यानं सांभाळून घेतलं, पण ती गेली ती गेलीच. नंतर ठुमरी. ड्रॅगच्या शोला लोक नोटा देतात, तशा इथेही कुणीतरी उठून दिल्या. तबल्याचा मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हा काय तमाशा आहे? दौलतजादा?" मी म्हटलं, "हो. अर्धी तुझी." तो गप्प झाला. शेवटी मोजले, दोन हजार तीनशे चाळीस निघाले. टोपाचं भाडं आणि रिक्षा सुटली.

शेवटी सुभद्रेचं एक पद घेतलं. मागच्या रांगेत एक वयस्क मराठी जोडपं होतं, कुणी बोलावलं होतं कोण जाणे. समोरची पोरं बहुतेक गुजराती, त्यांना शब्द कळत नव्हते. एका जागी मी ओळ पूर्ण न करता अर्ध्यावर सोडली, तबकडीवरून उचललेली लकब. मागून त्या काकू "अगंऽ" म्हणाल्या. वा नाही, क्या बात नाही. अगं. शेजारीण ओट्यावर आपलं दुःख सांगते तेव्हा म्हणतात तसं.

कार्यक्रमानंतर आधी हसलेल्यांपैकी एक मुलगा आला. "भाई... सॉरी, बेन... एटले... शुं गाओ छो तमे!" एवढं बोलून घामाघूम झाला. मी त्याला पाणी दिलं.

खोबरेल तेलानं चेहरा उतरवायला पाऊण तास लागला. दोन वाजता घरी पोचलो. बाबांच्या खोलीत दिवा नव्हता. सकाळी चहा घेताना त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "तंबोऱ्याच्या तारा कधी बदलल्या होत्यास?" मी म्हटलं, दिवाळीत. "मग बदल आता," म्हणाले. कार्यक्रमाचा तुकडा त्यांनी कुणाच्या फोनवर बघितला होता की आपलं सहज म्हणाले, मी विचारलं नाही.

पाच वाजता शिकवणी. सगळ्यात लहान मुलगी आठ वर्षांची, माझ्या अगदी पुढ्यात बसते. अलंकार सुरू व्हायच्या आधी तिनं बोट दाखवलं. "सर, तुमच्या कानामागे चमकी आहे."

तिची आई दारात चप्पल काढत होती. तिनं वर बघितलं.

"राहिली असेल," मी म्हटलं, आणि पेटीवर तिची काळी चार धरली. "चल, सा लाव."